ह्यातली पोरं बाहेर पडली का?

माझ्या कपाटात जे रणगाडे आहेत त्यातला एकही धड नाही. एकाचा पट्टा तुटून मागं पसरलाय, एकाच्या इंजिनावरची जाळी जळून खाली बसलीय, एकाचा टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता घुमट, उडून शेजारी उलटा पडलाय. सगळे प्लॅस्टिकचे, पस्तिसाव्या हिश्शातले, म्हणजे तोफेसकट ९.३ मीटर लांबीचा खरा अमेरिकी पॅटन रणगाडा माझ्या टेबलावर साधारण २७ सेंटिमीटरचा होतो. घरी येणारं माणूस पहिलं हेच विचारतं की अगं एवढी मेहनत घेतेस तर चांगला नवाकोरा का नाही बनवत, आणि सासूबाईंचं तर सुरुवातीपासून म्हणणं आहे की घरात फुटकं-तुटकं ठेवू नये. त्यांना अजून पटलंय असं नाही, पण कपाटाची काच त्या स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत.

हे १/३५ प्रमाण कुठनं आलं तर जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं साठच्या दशकात पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, त्यात बॅटऱ्या बसतील एवढा आकार धरला आणि मागनं मोजलं तर ते पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघालं. मग तेच रूढ झालं आणि आज जगभरात रणगाड्याचं मॉडेल म्हटलं की बहुतेक १/३५च.

नवा रणगाडा बनवायला किटमधला कागद पुरतो. कुठला पार्ट कुठं, कुठला रंग कशावर, सगळं नंबर टाकून दिलेलं असतं. फुटलेल्या रणगाड्याचा असा कागद नसतो, तो आपला आपण लिहायचा असतो आणि लिहायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे ह्याला नेमकं झालं काय. सुरुंगावर गेला, बाजूनं गोळा लागला, पेटला, का नुसता चिखलात रुतला आणि क्रू सोडून गेला? हे ठरवल्याशिवाय ब्रशला हात लावणं म्हणजे नुसता तपकिरी रंग फासणं आहे, आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मला तेच दिसतं, सगळीकडं सारखा गंज, सारखी काजळी, म्हणजे बघायला भारी पण काय घडलं ते त्यातनं कळत नाही.

समजा रणगाडा पेटला. इंधन, तेल, दारूगोळा, रबर, सीटचं कापड, वायरिंग, पेटण्यासारखं जे जे आहे ते सगळं आत, आणि बाहेरनं पोलादाची जाड भिंत. त्यामुळं आग आतल्या आत तापत राहते आणि जिथं वाट मिळेल तिथनं ज्वाळा बाहेर येतात. म्हणून काजळी मन मानेल तिथं मारून चालत नाही, ती उघड्या हॅचच्या, म्हणजे माणसं आत-बाहेर करतात त्या झाकणाच्या, कडेला, इंजिनाच्या जाळीवर, गोळ्याच्या भोकाच्या वर, आणि वारा ज्या बाजूला होता त्या बाजूला जास्त. चाकांना बाहेरनं रबराची धाव असते, ती जळून जाते आणि मागं पांढुरकी राख उरते. आता चाक नुसतं लोखंडाचं, म्हणजे त्याचा व्यास कमी झाला, म्हणजे गाडी तेवढी खाली बसली आणि वरनं जाणारा पट्टा सैल पडून लोंबायला लागला. किटमधल्या चाकाचं प्लॅस्टिकचं रबर मी ड्रिलला लावून पॉलिश पेपरनं घासून काढते, एका पॅटनला एका बाजूला सहा जोड्या, दोन्ही बाजूंची मिळून २४ चाकं, हे काम कंटाळवाणं आहे पण ते टाळलं की पुढचं सगळं खोटं पडतं.

आणि तेवढ्यावर थांबत नाही. पॅटनला किंवा रशियन टी-५५ ला टॉर्शन बार असतात, म्हणजे पोटाखालनं आडव्या जाणाऱ्या लांब पोलादी दांड्या, त्या पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करतात. विळा चुलीत पडला की त्याचं पाणी उतरतं आणि धार धरत नाही हे आपल्याकडं कुठलाही लोहार सांगेल, तसंच मोठ्या आगीत ह्या दांड्यांचं पाणी उतरतं, त्या नरम पडतात आणि सगळा रणगाडा पोटावर बसतो. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्याचं मात्र वेगळं, त्याला हॉर्स्टमन सस्पेन्शन, बाहेरच्या बाजूला जोडीजोडीनं बसवलेल्या कॉइल स्प्रिंगा, त्यामुळं तो बसला तरी वेगळ्या तऱ्हेनं बसतो. म्हणजे किटमधले चाकांचे आर्म सरळ चिकटवायचे नाहीत, ते कापून वरच्या कोनात परत जोडायचे, आणि कुठला आर्म किती वर हे आग कुठं जास्त होती त्यावर. इंजिन मागं असेल आणि आग तिथं लागली असेल तर मागचे आर्म जास्त बसणार आणि गाडीचं नाक वर राहणार.

गोळ्याचं भोकसुद्धा असंच बोलतं. ठोस पोलादी गोळा वेगानं घुसतो, गोल भोक पाडतो आणि कडेला धातूचा ओठ उचलतो. तोच गोळा तिरका लागून निसटला तर चिलखतावर लांब खाच पडते आणि ती पहिल्या दिवशी चकचकीत असते. हीट जातीचा गोळा वेगाच्या जोरावर घुसत नाही, त्याच्यातल्या स्फोटानं तांब्याच्या शंकूची बारीक धार होते आणि ती पोलादातनं आरपार जाते, त्यामुळं गोळ्याच्या मानानं भोक फारच लहान, आजूबाजूला नुसते शिंतोडे उडाल्यागत डाग. २ सेंटिमीटरचं भोक १/३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येतं. एवढंसं टिंब, पण आतल्या माणसांचं जे काही झालं ते त्या टिंबातनं झालं, म्हणून ते पाडताना मी जेवढा वेळ घेते तेवढा अख्ख्या टरेटला घेत नाही.

वाकलेल्या मडगार्डांसाठी मी कोल्ड्रिंकचा कॅन कापते. त्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, पस्तीसपट केला की साडेतीन मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मडगार्डाच्या पत्र्याच्या अगदी जवळ. प्लॅस्टिक वाकवलं की ते प्लॅस्टिकच दिसतं, पण कॅनचा पत्रा चिमट्यानं दाबला की पत्र्यासारखाच दुमडतो आणि फाटतो. नक्कल करावी लागत नाही.

आता गंज. ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलते कारण मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि खिळ्याचा तो तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग दरवर्षी नव्या पोरांना करून दाखवते. एकीत साधं पाणी, एकीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, एकीत कोरडी हवा. गंज फक्त पहिल्या नळीत. पाणी पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे. पण खरं सांगायचं तर गंज मला सातारा जिल्ह्यानं शिकवला. मी माहेरची माण तालुक्यातली, दहिवडीकडं पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० च्या वर. आमच्या रानात बांधावर पडलेला जुना फाळ तांबूस होतो, हाताला पावडर लागते, पण वर्षानुवर्षं तो फाळच राहतो. तिकडं घाटमाथ्यावर उघड्यावर ठेवलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटतात, बोट लावलं की आरपार जातं, आणि रंग तांबूस नसतो तर जवळजवळ काळपट तपकिरी. एकाच जिल्ह्यात अडीच-तीन तासांच्या अंतरावर दोन वेगळे गंज आहेत. म्हणून कुणी मला वाळवंटातला रणगाडा आणि युरोपातल्या पावसातला रणगाडा एकाच बाटलीतल्या रंगानं रंगवलेला दाखवला की मला पहिलं तेच खटकतं.

जळलेलं लोखंड आणि नुसतं भिजलेलं लोखंड ह्यात पण फरक आहे. आगीत रंग आणि तेल दोन्ही जातं, उघडं पोलाद राखाडी, कुठं पांढरट दिसतं, आणि मग पहिला दमट वारा लागला की ते भडक नारिंगी होतं. आठवडे गेले की नारिंगी उतरून तपकिरी, मग काळपट. आणि जिथं आग पोचली नाही तिथं मूळचा हिरवा रंग तसाच, मध्ये एक पट्टा असा जिथं रंग फुगून, करपून, अर्धवट सुटलाय. सगळी कसोटी त्या पट्ट्यात लागते. मी आधी सगळ्यावर गंजाचे थर देते, कॅम्लिनचे तेलरंग, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, मग त्याच्यावर साधा हेअरस्प्रे मारते, बाजारात मिळतो तो, तो वाळला की वरनं हिरवा ॲक्रिलिक, आणि मग पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं हळूहळू घासायचं. पाणी खालचा हेअरस्प्रे सोडवतं आणि वरचा हिरवा रंग खऱ्यासारखा पापुद्र्यानं निघतो, खालनं गंज दिसायला लागतो. कुठं थांबायचं हे फक्त हाताला कळतं. काही लोक हेअरस्प्रेऐवजी मिठाचे दाणे चिकटवतात आणि नंतर झाडून काढतात, जाड पापुद्र्यांना ते बरं पडतं. काजळी मात्र मी विकतची वापरत नाही. तेलाच्या दिव्यावर वाटी धरली की जी मिळते तिच्यापेक्षा बारीक आणि काळी पावडर मी अजून कुठल्या डबीत बघितली नाही.

इथपर्यंतचं सगळं मी पुस्तकं बघून, परदेशी मॉडेलवाल्यांचे व्हिडिओ बघून आणि एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांकडं तासन्‌तास उभी राहून शिकले. पुढचं आप्पांनी शिकवलं.

साताऱ्यात कुठल्याही गल्लीत एक तरी रिटायर फौजी निघतोच. अपशिंगे मिलिटरी हे गाव जवळच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. देशातली पहिली सैनिक स्कूलसुद्धा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. तर आमच्या गल्लीतले आप्पा हे आर्मर्ड कोअरमधनं, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलातनं, रिसालदार म्हणून रिटायर झालेले. भरती झाले ते ड्रायव्हर म्हणून, आधी विजयंता रणगाड्यावर, मग टी-७२ वर. एकदा घरी काही कामानं आले आणि कपाटासमोर थांबले. मी तेव्हा नुकताच एक जळलेला शेर्मन पूर्ण केला होता, आणि मला वाटलं ते गंजाबद्दल काहीतरी बोलतील कारण सगळे तेच बोलतात. आप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यातली पोरं बाहेर पडली का गं?"

मी त्यांना माझं गणित सांगितलं. गोळा उजवीकडनं मागं लागला, आग इंजिनाकडनं पुढं आली, म्हणजे पुढच्यांना थोडा वेळ मिळाला, म्हणून वरचं हॅच उघडं दाखवलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोट लावलं ते तोफेच्या नळीला.

"ही नळी कुठं हाय ते बघायचं आधी. टरेटमधली दोघं तिघं वरनं उड्या टाकतील. खाली ड्रायव्हर एकटाच असतोय. त्याच्या डोक्यावर नळी आली ना, तर त्याचं टोपण पुरं उघडत न्हाई. आमच्या टी-७२ ला तर पक्कं हाय ते. म्हणून गाडी सोडायची झाली तर आधी तोफ बाजूला करायची, ड्रायव्हरला वाट द्यायची. येळ मिळाला तर."

आणि मग, "मी ड्रायव्हर होतो म्हणून सांगतोय."

हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. तिथं तोफेचा कोन म्हणजे दिसायला कसं भारी दिसेल, फोटो कुठनं चांगला येईल, एवढंच असतं. आप्पांच्या लेखी तोफेचा कोन म्हणजे एक पोरगा घरी परत गेला की नाही. त्या दिवसापासून मी कुठलंही किट उघडलं की आधी वहीत क्रू लिहिते. शेर्मनमध्ये पाच जण, सेंच्युरियन, विजयंता आणि पॅटनच्या एम-४८ मध्ये चार, टी-७२ मध्ये तीन. कमांडर कुठं बसला होता, गनर कुठं, लोडर कुठं, ड्रायव्हर कुठं, आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या वाटेनं बाहेर आला, किंवा नाही आला. मग त्यावरनं हॅच उघडं का बंद, तोफ कुठं, टरेट किती फिरलेला. गंज सगळ्यात शेवटी. माझ्या मते फुटलेला रणगाडा बनवणं म्हणजे हेच आहे, बाकी सगळं रंगकाम.

माणसं मी मॉडेलमध्ये ठेवत नाही, मेलेली तर नाहीच. १/३५ मध्ये सैनिकांच्या आकृत्या भरपूर मिळतात, आणि डायोरामाला, म्हणजे आजूबाजूच्या देखाव्यासकटच्या मॉडेलला, माणूस लागतो असं शेपर्ड पेनसारख्या मोठ्या मॉडेलकारांच्या कामावरनं कुणीही म्हणेल, ते बरोबरही आहे, माणसानं मोजमाप कळतं आणि गोष्ट कळते. पण माझ्याकडं हॅच बोलतं तेवढं पुरे होतं असं मला वाटतं.

नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासनं, ज्याला ह्या विषयात रस आहे त्यानं बघावंच, आपल्या साताऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथं पकडून आणलेला पॅटन आहे, सेंच्युरियन, विजयंता, दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी गाड्या आहेत. आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं फामागुस्ता जपून ठेवलाय, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ह्यांचा सेंच्युरियन. जन्म पुण्यातला, रेजिमेंट पूना हॉर्स, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय २१. गाडीला गोळा लागून आग लागली होती, रेडिओवर त्यांना गाडी सोडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला कारण तोफ अजून चालत होती. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. तो रणगाडा नंतर दुरुस्त केला, रंगवला, आणि ते योग्यच आहे, रेजिमेंट आपल्या माणसाची गाडी जळकी का ठेवेल. मला दोन-तीन जणांनी सुचवलं की तू ह्या विषयातली, फामागुस्ता त्या क्षणाचा बनव, खूप लाइक्स येतील. मी तो बनवणार नाही. तिथं वहीत लिहायला माझ्याकडं काही उरत नाही, कोण कुठं होतं आणि काय झालं हे सगळं नावानिशी माहीत आहे, आणि जे नावानिशी माहीत आहे त्याच्यावर मी हेअरस्प्रे मारून रंग घासत बसावं हे मला जमत नाही.

युक्रेनचंही तसंच. २०२२ मध्ये कीव्हच्या मिखाइलिव्स्का चौकात रशियाच्या फुटलेल्या गाड्या लोकांना बघायला आणून ठेवल्या होत्या, त्यांचे फोटो सगळ्या जगानं बघितले आणि टरेट उडालेल्या टी-७२ ची मॉडेल्स पण भराभर यायला लागली. टरेट का उडतो ते सोपं आहे. टी-७२ मध्ये लोडर नावाचा माणूसच नाही, गोळे भरायला यंत्र आहे, आणि गोळे आणि बारूद टरेटच्या बरोबर खाली गोल चकतीत मांडलेले. तिथं आग पोचली की सगळं एकदम जातं आणि कित्येक टनांचा टरेट हवेत उडतो. तांत्रिकदृष्ट्या हे मॉडेल माझ्या हाताला यायला पाहिजे, आणि एक आहेही, कपाटात टरेट उलटा पडलेला तो टी-७२, पण तो १९९१ च्या आखाती युद्धातला, इराकी. आजचा मला नको. ज्यांचं माणूस त्यात होतं ते अजून फोनकडं बघत बसले असतील. किती वर्षं गेली की चालतं असा काही नियम नाही, मला एवढंच कळतं की अजून नाही. आप्पांना मी चकतीचं विचारलं होतं तर म्हणाले, "आम्हाला ठाव होतं. त्याच्यावरच बसायचो. गाडी चालवताना त्याचा इचार करत न्हाईत."

सध्या टेबलावर आहे तो खेमकरणचा पॅटन, आणि तो माझ्या सगळ्यात जवळचा आहे कारण त्यात ऊस आहे.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणच्या बाजूला असल उत्तर गावाजवळ ८ ते १० तारखेपर्यंत लढाई चालली. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, अमेरिकेनं दिलेले पॅटन, त्या वेळी आपल्याकडच्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा नवे. आपली चौथी माउंटन डिव्हिजन मागं सरून घोड्याच्या नालेच्या आकारात बसली, जोडीला डेक्कन हॉर्सचे जुने शेर्मन, ८ लाइट कॅव्हलरीचे छोटे एएमएक्स-१३, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन. आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा, त्यातल्याच एका जीपवर ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद होते, १० तारखेला ते गेले, त्यांनाही परमवीर चक्र. उभा ऊस होता, आपल्या तोफा त्या उसात लपल्या होत्या, आणि कालव्याचं पाणी रानात सोडलं होतं. पॅटन आले आणि रुतले. पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले असा आकडा छापला जातो, आणि धरून आणलेले इतके होते की भिखीविंडला ते ओळीनं उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले.

माझं सासर कराडकडचं, कृष्णाकाठचं. पाण्याची पाळी दिलेल्या उसाच्या रानात जड वाहन गेलं की काय होतं हे मला कुणी सांगायला नको. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर रुतला की चाक जागेवर फिरायला लागतं, जेवढा जोर द्याल तेवढा खड्डा करतं आणि मग पोट टेकतं. पोट टेकलं की संपलं, मग दुसरा ट्रॅक्टर आणा, साखळ्या आणा. पॅटनचं वजन ४५ टनांच्या आसपास. पट्ट्यामुळं ते पसरतं हे खरं, पण पोट टेकल्यावर पट्टा नुसता चिखल उपसतो. पॅटनचं पट्टा ओढणारं दातेरी चाक मागं असतं, म्हणजे चिखलाचा फवारा मागं आणि वर, मडगार्डांच्या खालनं दाबून भरलेला, चाकाचाकांच्या मध्ये गोळे. ह्या रणगाड्यावर गंज जवळजवळ नाही. आग नाही, भोक नाही. रंग शाबूत, हत्यारं जागेवर, नुसता रुतलेला. ज्यांना फुटलेला म्हणजे जळलेलाच हवा असतो त्यांना हा निराश करेल, पण खेमकरणला रणगाड्यांचा मोठा वाटा असाच गेला, आणि मला तो दाखवायचाय.

माती मी आमच्या रानातली घेतली नाही. कृष्णाकाठची काळी, पंजाबातली नदीगाळाची भुरी-पिवळसर, आपली काळी तिथं टाकली की बघणाऱ्याला न सांगता काहीतरी चुकल्यागत वाटणार. उसाला मात्र सासऱ्यांचं डोकं लागलं. १० फुटी ऊस १/३५ मध्ये ८.७ सेंटिमीटरचा. कांडं खराट्याच्या हिरांची, शेंड्याकडचा बारीक भाग घ्यायचा, पेरांच्या जागी ब्रशच्या टोकानं रेघ. पानं ट्रेसिंग पेपरची, मधली शीर नखानं दाबून. मी आधी वर तुरे लावायचं म्हणत होते, दिसायला सुंदर दिसले असते, मामंजी म्हणाले सप्टेंबरात कुठला तुरा, तुरा दिवाळी झाल्यावर. मग त्यांनीच विचारलं की मोडलेला ऊस किती दिवसांचा दाखवणार. मी म्हटलं दोन दिवसांचा. तर म्हणाले मग वाडं सुकायला लागलेलं पाहिजे, कडेनं पिवळं, पण कांडं अजून हिरवं, आणि पट्ट्याखाली चेचलेलं पाचट चिखलात मिसळून काळं. हे ते रोज बघतात. पंच्याहत्तरीचा माणूस चष्मा लावून माझ्या टेबलाशी बसतो आणि ट्रेसिंग पेपरचं एकेक पान कसं सुकलं पाहिजे ते सांगतो.

वहीत ह्याचा क्रू लिहून झालाय. चौघेही बाहेर. कमांडर टरेटवरच्या त्याच्या छोट्या घुमटीतनं, गनरला स्वतःचं हॅच नसतं म्हणून तो कमांडरच्या मागनं त्याच वाटेनं, लोडर त्याच्या डावीकडच्या हॅचमधनं. ड्रायव्हरचं काय? पॅटनच्या तळाला एक सुटकेचं दार असतं, पण पोट चिखलात टेकलंय म्हणजे ते दार गेलं. उरलं पुढचं, नळीच्या खालचं. आप्पांना बोलावून दाखवलं, त्यांनी न बोलता दोन बोटांनी टरेट धरला आणि डावीकडं फिरवला, नळी ड्रायव्हरच्या टोपणावरनं पुरती सरकेपर्यंत. "आता उघड त्याचं," म्हणाले.

उघडलं. पण नळी फिरली म्हणजे तेवढ्या कोनात उभा असलेला ऊस ती ढकलणार, तो मुळासकट मोडणार नाही, छातीच्या उंचीवर वाकून पलीकडच्या उसावर कलंडणार. माझी त्या बाजूची सगळी रांग सरळ उभी चिकटवलेली आहे. रविवारी ती काढून परत लावायची, आणि मामंजींना विचारायचं की वाकलेला पण न तुटलेला ऊस दोन दिवसांनी शेंड्याला परत वर वळायला लागतो का.